दुःस्वप्न नव्हे, नोंदवही

१

कविता शिकवायची म्हणजे काय करायचं हे ठरवायचा मक्ता आजवर ज्यांच्याकडे होता, त्यांनी तो आमच्या पोरांच्या भल्यासाठी वापरला नाही, हे आधी सरळ बोलून टाकू. कविता आली की फळ्यावर काय येतं? कवीचा जन्म, कवीचा मृत्यू, अलंकार ओळखा, रिकाम्या जागा भरा, दोन मार्क. पोरगं वस्तीतनं येतं. सकाळी नळावरची मारामारी बघून येतं, दारावर चिकटवलेली नोटीस बापाला वाचून दाखवून येतं. आणि त्याला विचारतात, यात उपमा आहे की उत्प्रेक्षा? पोरगं पाठ करतं, लिहितं, पास होतं. कवितेचा आणि नोटिशीचा संबंध आयुष्यभर लागत नाही. तो लागू नये अशीच सोय आहे की काय, असा संशय घ्यायला जागा आहे.

आता कॉलेजात एक नवं खूळ आलंय. 'डिस्टोपिया' नावाच्या कादंबऱ्या. म्हंजे उलटा स्वर्ग. पुढे कधीतरी जग असं होईल की माणसावर चोवीस तास पहारा असेल, पुस्तकं जाळतील, जुनी वर्तमानपत्रं बदलून लिहितील, शब्दसुद्धा सरकार ठरवेल. पांढरपेशांची पोरं हे वाचतात, हादरतात, आणि निबंध लिहितात : 'भविष्यात असे होऊ नये म्हणून आपण जागृत राहिले पाहिजे.'

दोस्तहो, भविष्यात? कुणाच्या?

मी शिकलेला माणूस नाही. नववीनंतर शाळा सुटली, साच्यावर उभा राहिलो. पुढचं फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांनी शिकवलं. पाळी सुटली की घाटकोपरला वस्तीतल्या आठ-दहा पोरांना घेऊन बसतो, तेवढाच माझा अधिकार. पण त्या अधिकारात एक गोष्ट मांडायची आहे. ज्याला ते पुढचं दुःस्वप्न म्हणतात ते आमच्याकडे मागेच होऊन गेलंय. त्याला तारखा आहेत, गावांची नावं आहेत. म्हणून आमच्या पोरांना ह्या कादंबऱ्या आणि आमची कविता शिकवायची तर कल्पनेचा खेळ म्हणून शिकवून चालणार नाही. इतिहास म्हणून शिकवावी लागेल. कसं, ते पुढे सांगतो.

२

आधी त्यांच्याच पुस्तकापासून सुरुवात करू. जॉर्ज ऑर्वेलचं 'नाइन्टीन एटी-फोर' १९४९ साली आलं. हा माणूस १९०३ साली आपल्या बिहारात, मोतीहारीला जन्मला. बाप सरकारच्या अफूखात्यात नोकर. स्वतः तो ब्रह्मदेशात इंग्रजांच्या पोलिसात होता. म्हंजे दंडुका कसा चालतो हे त्याने दंडुका हातात धरून पाहिलं आणि मग नोकरी सोडली. त्याच्या कादंबरीतला नायक एका सरकारी खात्यात कारकून आहे. काम काय? सरकारचं आजचं म्हणणं कालच्या छापील कागदाशी जुळत नसेल तर कालचा कागद बदलायचा. दुसरं एक खातं भाषा कापतं. दरवर्षी शब्द कमी करायचे. 'स्वातंत्र्य' हा शब्दच उरला नाही तर मागणार काय?

हे वाचून पोरांना तीन प्रश्न विचारतो. हुकूम कुणाचा? नोंद कुणी लिहिली? कुठला शब्द गायब केला? बस्स, एवढी तीनच हत्यारं. ही तीन घेऊन आपल्या इतिहासात उतरायचं.

पहिला मुक्काम पुणे, साल १८५५. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी एक मातंग मुलगी, मुक्ता साळवे. वय चौदाच्या आसपास. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात पेशवाईतले दिवस आहेत. तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर त्याच्या मुंडक्याचा चेंडू करून खेळत, इमारतीच्या पायात माणसं पुरत, हे ती लिहिते. आणि देवालाच विचारते की आमचा धर्म कुठला ते तरी सांग. गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू, म्हंजे थुंकी जमिनीवर पडू नये आणि पाऊल उमटलंच तर पुसलं जावं, ही पेशवाईतली गोष्ट बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंहार'च्या भाषणात जगापुढे ठेवली.

आता ऑर्वेलच्या पहाऱ्याशी हे लावून बघा. त्याच्या कादंबरीत भिंतीवरचा पडदा माणसावर नजर ठेवतो. पुण्यात माणसाने स्वतःच स्वतःची पावलं पुसत चालायची. यंत्र नको, वीज नको, पगारी पहारेकरी नको. एका पोराने विचारलं, "दादा, मग त्यांचा डिस्टोपिया आपल्यापेक्षा स्वस्त का महाग?" मी म्हटलं, आपला फुकटात चालवलाय त्यांनी.

पण मुक्ताकडून शिकायचं ते दुसरंच. मराठी शाळेतल्या पोरीने शिकून लगेच काय केलं? फुलपाखरावर निबंध नाही लिहिला. शिकवलेली अक्षरं तिने आपल्या माणसांच्या हालाला लावली. साहित्य समाजाशी कसं जोडायचं याच्यावर आज सेमिनार भरतात, चहा-बिस्किटं होतात. आमच्याकडे हे काम एका विद्यार्थिनीने दीडशे वर्षांहून आधी करून ठेवलंय. आणि तिच्या मास्तरांनी तिला थांबवलं नाही, हेही लिहून ठेवा.

३

दुसरा मुक्काम लांब नाही. घाटकोपर स्टेशनच्या पश्चिमेला, चिरागनगर.

इथं अण्णा भाऊ साठे राहिले. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, तालुका वाळवा. शाळा दीड दिवसाची. मुंबईला आले, गिरणीत राबले, १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं त्याचं उद्घाटन त्यांनी केलं, आणि पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून राबणाऱ्यांच्या तळहातावर आहे असा विचार तिथं मांडला. १९५९ ची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. हा माणूस झोपडपट्टीत बसून लिहीत होता. १८ जुलै १९६९ ला गेला.

त्यांची 'स्मशानातील सोनं' ही गोष्ट मी पोरांना ऑर्वेलच्या शेजारी ठेवून वाचायला देतो. भीमा नावाचा धिप्पाड गडी वारणेकाठचं गाव सोडून मुंबईच्या उपनगरात येतो, दगडाच्या खाणीत कामाला लागतो. खाण बंद पडते. घरात बायको, लहान पोरगी. एके दिवशी मसणवटीतल्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते. मग तो राख चाळायला लागतो, मग मढी उकरायला लागतो. जिता माणूस काम देत नाही, मेलेला देतो. शेवटी एका सावकाराचं प्रेत उकरताना कोल्ह्यांशी झुंजतो, आणि प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. बोटं जातात. त्याच दिवशी बातमी येते, खाण पुन्हा सुरू झाली. पहाड फोडणारा हात निकामी झाल्यावर काम आलं.

ह्या गोष्टीवर परीक्षेत विचारतील, 'भयानक रसाची निर्मिती कशी झाली ते लिहा.' आम्ही तीन प्रश्न लावले. हुकूम कुणाचा? म्हंजे खाण कुणी बंद केली? पोरांनी गोष्ट पुन्हा चाळली. मालकाचं नावच नाही. कोल्ह्यांचं सविस्तर वर्णन आहे, खाणवाला कुठेच नाही. ऑर्वेलच्या कादंबरीत निदान भिंतीवर हुकूमशहाचा फोटो आहे, शिव्या द्यायला तोंड आहे. इथं तोंडच नाही. एक दिवस काम आहे, एक दिवस नाही. आमच्या खात्यात हे सगळ्यांना समजतं, समजावून सांगावं लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप अधिकृतपणे कधी संपला असं कुणी सांगावं? गिरण्या बंद होत गेल्या, जमिनीवर मॉल आणि टॉवर आले, आणि कामगारांची पोरं त्याच जागी गणवेश घालून वॉचमन म्हणून उभी राहिली. भीमाच्या बोटांचा अर्थ त्यांना विचारा.

आणि ही निव्वळ कल्पना नव्हे याला घाटकोपरातच पुरावा आहे. त्या संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत मुळात पंतनगरात दवाखाना चालवणारे डॉक्टर. ते कामगारांच्या लढ्यात उतरले ते ह्याच भागातल्या दगडखाणीत राबणाऱ्या मजुरांमुळे. पेशंट म्हणून येणाऱ्या माणसाचा आजार औषधाचा नाही, मजुरीचा आहे, हे त्यांना कळलं. म्हंजे अण्णा भाऊंच्या गोष्टीतला खाणमजूर आणि डॉक्टरच्या बाकड्यावरचा खाणमजूर एकाच टेकड्यांतला. एकाने त्याची गोष्ट लिहिली, दुसऱ्याने त्याची युनियन बांधली. पोरांना दोन्ही एकत्र शिकवा. मराठीच्या तासाला एक आणि इतिहासाच्या तासाला दुसरं, अशी फाळणी करू नका. इतिहासाच्या पुस्तकात दुसरंही सापडत नाही ती गोष्ट वेगळी.

४

शब्दांचं आता. ऑर्वेलच्या जगात कोश दरवर्षी बारीक होतो. आमच्याकडे १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि मराठीचा कोश एका रात्रीत सुजला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. एवढा मोठा मराठी लेखक, पण कवितेतले कितीतरी शब्द आपल्याला कळले नाहीत, कवीला विचारावे लागले, असं त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितलंय. त्या शब्दांची माणसं मुंबईतच राहत होती, त्यांच्यापासून काही स्टेशनांवर. शब्द नव्हते असं नाही, त्यांना आत येऊ दिलं नव्हतं. इथं भाषा कापायला सरकारी खातं लागलंच नाही. 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' एवढे दोन शिक्के पुरले.

म्हणून आमच्या बैठकीत एक काम ठरलेलं आहे. प्रत्येक पोराने घरातले, नाक्यावरचे, कामावरचे असे दहा शब्द आणायचे जे पुस्तकात नाहीत. आईने कचरा वेचतानाचे, बापाने गटारात उतरतानाचे. वहीत लिहायचे, समोर अर्थ. मग त्यातल्या तीन शब्दांवर कविता करायची. यमक जुळलं नाही तरी चालेल, माणूस जुळला पाहिजे.

५

पुस्तक जाळण्यावरून मात्र आमच्यात भांडण झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. रे ब्रॅडबरीची १९५३ ची 'फॅरनहाइट ४५१' ही कादंबरी. तिच्यात बंबवाले आग विझवत नाहीत, लावतात. ज्याच्या घरात पुस्तक सापडेल त्याचं पुस्तक जाळायचं. गोष्ट सांगून झाली तशी एक पोरगी उठली. म्हणाली, "मग बाबासाहेबांनी पण जाळलंच की. महाडला."

हा प्रश्न दाबून टाकणारा मास्तर तो मास्तर नव्हे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, ही आपल्या अभिमानाची तारीख. पण अभिमान म्हंजे उत्तर नव्हे. उत्तर शोधायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. कादंबरीतला बंबवाला पुस्तक जाळतो ते कुणी वाचू नये म्हणून. महाडला जाळणारे कोण होते? ज्यांनी धर्मशास्त्र वाचणं सोडाच, ऐकणंही ज्या व्यवस्थेत गुन्हा होता त्या व्यवस्थेतली माणसं. त्यांनी आधी वाचलं, त्यावर ठराव केला, उघड्यावर परिषद भरवून, माणसाच्या समान हक्कांचा जाहीरनामा मांडून दहन केलं. कुणाच्या घरात घुसून प्रती जप्त केल्या नाहीत. ज्याला वाचायचं त्याला ते पुस्तक आजही दुकानात मिळतं. त्यांनी हुकूम जाळला, वाचन नाही.

मग उलट बाजू. १९८७ साली महाराष्ट्र सरकारने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला, त्यात 'रिडल्स इन हिंदुइझम'. राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून गदारोळ झाला. जानेवारी १९८८ मध्ये अमरावतीला ते जाळलं, सरकारने मागे घ्यावं म्हणून मोर्चे निघाले. आपल्या माणसांनी ५ फेब्रुवारीला मुंबईत प्रचंड मोर्चा काढला. शेवटी सरकार ह्या मतांशी सहमत नाही अशी टीप टाकून पुस्तक राहिलं. मेल्यानंतर एकतीस वर्षांनी छापलेलं पुस्तक, आणि त्यालाही पोलीस बंदोबस्त लागला. ही कादंबरी नाही. आमच्यातल्या पोरांच्या आजोबांनी त्या मोर्चात पाय भाजले आहेत.

तर जाळणं आणि जाळणं यात फरक कसा करायचा? हुकूम कुणाचा, हा पहिला प्रश्न पुन्हा लावा. वरून आलेली आग आणि खालून पेटलेली आग वेगळी दिसते.

६

आता शेवटचा मुक्काम, ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं. स्टेशनच्या पूर्वेला, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या कडेला, माता रमाबाई आंबेडकर नगर.

११ जुलै १९९७. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक हायवेवर जमले. एसआरपी आली आणि गोळीबार झाला. दहा माणसं गेली. आपल्या गल्लीत, दाराशी असलेल्यांनाही गोळ्या लागल्या. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. मला हे गाण्यातून कळलं, पाठ्यपुस्तकातून नाही.

गोळीबारानंतर एक गोष्ट तयार झाली. हायवेवर गॅसचे टँकर होते, जमाव ते पेटवणार होता, मोठा स्फोट झाला असता, म्हणून गोळ्या घालाव्या लागल्या. पोरांना मी इथं थांबवतो आणि ऑर्वेलचा कारकून आठवायला सांगतो. आधी घटना, मग तिला साजेसा कागद. पण इथं कादंबरी आणि घाटकोपर यांत फरकही आहे, तो लपवायचा नाही. कादंबरीत खोटा कागद जिंकतो. इथं लोकांनी त्याचा पिच्छा पुरवला. न्यायमूर्ती गुंडेवार आयोग बसला, त्याने गोळीबार असमर्थनीय ठरवला, टँकरची गोष्ट मानली नाही. २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला जन्मठेप सुनावली. पुढे हायकोर्टातून त्याला जामीन मिळाला. बारा वर्षं लागली कागदाला कागद भिडवायला. न्याय झाला म्हणायचं की नाही, हे पोरांनी आपापल्या वहीत लिहावं. मी उत्तर सांगत नाही.

आणि कविता? घाटकोपरपासून विक्रोळी, कांजूर, भांडुप, नाहूर, मग मुलुंड. तिथल्या झोपडपट्टीत शाहीर विलास घोगरे राहायचे. आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या झोपडपट्ट्यांवरच्या फिल्ममध्ये त्यांचं गाणं आहे. डाव्या चळवळीत गाणारा माणूस. रमाबाई नगरातली प्रेतं पाहून आला, आणि १५ जुलैला त्याने आत्महत्या केली. जाताना डोक्याला निळं फडकं होतं. पटवर्धनांनी तिथून पुढे चौदा वर्षं काम करून २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण केली.

हे शिकवताना जपून. आमच्यात चौदा-पंधराची पोरं आहेत, डोक्यात राग आहे, घरात भाकरी नाही. घोगरेंचं मरण थोर करून सांगितलं तर आपण त्यांना चुकीची वाट दाखवू. मी सांगतो, शाहीर गेला हा आपला तोटा झाला. पुढची वीस वर्षांची गाणी त्याच्याबरोबर गेली. गोळी घालणाऱ्याचं काम आपल्या माणसाने स्वतः करू नये. एकट्याने गिळवत नसेल तर बैठकीत या, बोला, रडा, ढोलकी बडवा. शाहिराकडून घ्यायचं ते त्याचं गाणं.

७

शेवटी कामाचं.

रमाबाई नगराचा पुनर्विकास एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने हातात घेतलाय. पक्कं घर कुणाला नको? आईच्या गुडघ्यांना विचारा. पण झोपड्या जातील तेव्हा कुठल्या दाराशी कोण पडलं, कुठल्या पत्र्याला भोक पडलं, हे सांगणाऱ्या गल्ल्याही जातील. माणसं विखुरतील, कोण कुठल्या मजल्यावर, कोण भाड्याने कुठे. ऑर्वेलच्या खात्याला जे मुद्दाम करावं लागतं ते इथं नुसत्या बुलडोझरने होऊन जाईल, कुणाच्या मनात नसलं तरी.

म्हणून जे कुणी वस्तीत शिकवतात त्यांना सांगणं आहे. पुढल्या महिन्यापासून हे करा. पोरांना ऑर्वेल द्या, अण्णा भाऊ द्या, ढसाळ द्या, मुक्ता साळवेचा निबंध द्या. एकाच बैठकीत द्या. मग त्यांना आपल्याच गल्लीतल्या एका म्हाताऱ्या माणसाकडे पाठवा. तारीख विचारा, वेळ विचारा, कोण कुठे उभं होतं विचारा, आणि ती माणसं वापरतात त्याच शब्दांत लिहून आणायला सांगा. खाली पोराने स्वतःची चार ओळींची कविता लिहावी. वर तारीख, खाली कविता. दोन्हीच्या मध्ये रेघ मारू नका.

आमच्या बैठकीच्या अशा अकरा वह्या भरल्या आहेत. बारावीला कागद हवाय. ज्याच्याकडे पाठकोरे कागद असतील त्याने आणून द्यावेत.